बुटका संडास आणि तीन बादल्या

एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, एका जुन्या उंबराखाली अस्वलांचं घर होतं. बापाचं नाव धर्मा, आईचं नाव सुंद्रा, आणि त्यांचा एकुलता एक लेक केरबा. खाऊनपिऊन सुखी घर. मध होता, उंबरं होती, परसात वाळवीची दोन वारुळं होती. नव्हता तो फक्त संडास.

आता लगेच नाकाला हात लावू नका, बाळांनो. जे रोज करावं लागतं त्याची लाज कसली? पण ती वाटते खरी. आणि ही गोष्ट त्या लाजेचीच आहे.

इतके दिवस संडासावाचून कुणाचं अडलं नव्हतं. सकाळी टमरेल उचलायचं, करवंदीच्या जाळीमागं जायचं, मोकळं होऊन यायचं. पण केरबा लग्नाला आला आणि अडलं.

झालं असं, की मधाच्या जत्रेत केरबानं हौसा नावाची मुलगी पाहिली. कड्याखालची, धबधब्याजवळच्या वस्तीतली. काळीभोर, चटपटीत, आणि छातीवरची पांढरी कोर अशी ठसठशीत, की चंद्रानं बघून घ्यावं. त्या दिवसापासून केरबाचं जेवण सुटलं. ससा जेवला नाही तर कुणाला कळतही नाही. पण अस्वलानं ताट सारलं की अख्ख्या रानात बातमी होते. सुंद्रानं मीठमोहऱ्या उतरवल्या. काही फरक नाही. शेवटी धर्मा उठला आणि कड्याखाली जाऊन मागणी घालून आला.

हौसाला आईबाप नव्हते. तिला मामानं वाढवलेलं. रंगोजी मामा. देहानं एवढा, की तो दारात उभा राहिला की घरात दिवा लावावा लागे.

मामा म्हणाला, "सोनं नको, नाणं नको. पोरीची एकच अट आहे. घरात संडास हवा. चालता हवा."

"चालता म्हणजे?" धर्मानं विचारलं.

"म्हणजे दाखवायचा नको. दोन घरं बघून झालीत माझी. पहिल्या घरी संडास होता, दाराला तोरणही होतं. उघडून बघतो तर आत मधाचे बुधले रचलेले. दुसऱ्या घरचे म्हणाले, लग्न आत्ता करू, संडास पुढच्या वैशाखात करू. मी म्हटलं, मग पोरगीही पुढच्या वैशाखात न्या."

"आमच्याकडं तसं नाही हो. तुम्ही येऊन बघा."

"बघणार नाही. वापरणार. आमच्यात रीत आहे ती. पोरीच्या मामानं आधी जेवायचं, मग संडासाला जाऊन यायचं, आणि मग सुपारी फोडायची. चुलीवरून घर कळत नाही, पाहुण्यांपुढं सगळेच चांगलं रांधतात. येत्या दशमीला येतो."

दशमीला पंधरा दिवस होते.

पण त्या साली जंगलात वेगळीच चिंता होती. टेकडीवरचं तळं आटत चाललं होतं. त्याच तळ्याचं पाणी वेळूच्या नळ्यांतून घरोघर यायचं. ज्यांच्याकडं संडास होते, त्यांच्या टाक्या झाडावर बांधलेल्या. तीन कळश्यांची एकेक टाकी. खाली एक वेल लोंबत असे. वेल ओढली की धाडकन असं पाणी कोसळायचं, की आत बसलेल्याला आपले सगळे अपराध आठवावेत. पण काम चोख. मागं काही उरायचं नाही.

वाघोबा महाराज म्हणाले, "तीन तीन कळश्या? हे फार झालं. पाणी वाचवा."

चुकीचं नव्हतं हो बोलणं. तळंच आटलं तर प्यायचं काय?

तेवढ्यात दरबारात उदमांजर आलं. तुम्हाला ठाऊक आहे ना, उदमांजराच्या अंगाला उपजतच सुगंध असतो. जाईल तिथं दरवळ. संडास विकायला निघालेल्याला याहून मोठं भांडवल काय हवं?

उदमांजर म्हणालं, "महाराज, मी बुटका संडास आणलाय. एका कळशीत काम. टाकी झाडावर चढवायला नको, बसणाऱ्याच्या पाठीशीच असते. वेल ओढायला नको, टाकीवरचा खटका दाबायचा. आवाज नाही, धसका नाही."

आणि दिसायलाही देखणा. बगळ्यासारखा पांढराशुभ्र.

परीक्षा वडाखाली झाली. सगळं जंगल जमलं. परीक्षेला ससा बसवला. ससा ऐटीत बसला, कान ताठ केले आणि सात लेंड्या टाकल्या. गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या. उदमांजरानं खटका दाबला. एक कळशी पाणी आलं आणि सातही लेंड्या माळेसारख्या एकीमागे एक निघून गेल्या.

टाळ्या पडल्या. महाराजांनी पंजा उमटवला. दवंडी पिटली, की आजपासून झाडावरच्या टाक्या बंद, ज्याला संडास हवा त्यानं बुटकाच बसवावा. राजवाड्यातली टाकी तेवढी सागावर होती तशीच राहिली. महाराजांना कामं फार. त्यांना कुठं वेळ!

गर्दीत सुंद्रा उभी होती. तिनं विचारलं, "अहो साहेब, हा ससा काय खातो?"

"गवत," उदमांजर म्हणालं.

"आम्ही उंबरं खातो. मोहाची फुलं, वाळवी, मध, आणि सणाला फणस. बियांसकट."

"वहिनी, जे सिद्ध झालं ते झालं. त्याला फणसाशी काय देणंघेणं?"

लोक हसले. सुंद्रा ओशाळली. फणसाचं बोलायलाच नको होतं, असं तिला वाटलं.

अस्वलांच्या घरी बुटका संडास आला. सुंद्रानं त्याला हळदकुंकू वाहिलं, उंबरठ्यावर नारळ फोडला. पहिला मान घरच्या कर्त्याला. धर्मा आत गेला.

आता ससा केवढा आणि अस्वल केवढं. ससा बसला तेव्हा त्याची पाठ टाकीपर्यंत पोचलीच नव्हती. धर्मा बसला, बरं वाटलं, सवयीनं जरा मागं रेलला, आणि पाठीनं खटका दाबला गेला. गार पाणी खालून सपकन येऊन निघून गेलं. अजून कशाचा पत्ता नाही आणि टाकी रिकामी.

मग कामाच्या वेळी धर्मानं खटका दाबला, तर टाकीनं नुसता उसासा सोडला. वेळूतून थेंब थेंब पाणी येत होतं. टाकी भरेतोवर धर्मा बसून राहिला. भरली. पुन्हा दाबला. पाणी आलं, जे होतं त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि एकटंच निघून गेलं. तिसऱ्यांदा अर्धं गेलं. चौथ्यांदा आणि पाचव्यांदा उरलेलं जरा जरा हललं.

बाहेरून सुंद्रानं हाक मारली, "अहो, कसा आहे?"

"झकास आहे!" धर्मा आतून म्हणाला.

झकास नसायला काय झालं? सशाला चालतो, सगळ्या जंगलासमोर चालला, मग आपलंच पोट वाईट. धर्मा हळूच बाहेर आला, सुंद्रा चुलीशी वळल्यावर एक बादली आत घेऊन गेला, आणि मग ती दाराआड ठेवून दिली.

सुंद्रा गेली. तिचीही तीच गत. "कसा आहे, अगं?" "मऊशार!" आणि तिनं आपली बादली सरपणाच्या ढिगामागं लपवली. केरबा गेला. पोर आधीच उपाशी, तरी तीन दिवसांपूर्वीचं काहीतरी होतं. "कसा आहे रे?" "लय भारी, आई!" त्यानं आपली बादली छपरावर ठेवली.

एका घरात तिघं, तीन बादल्या. आणि प्रत्येकाला वाटे, फक्त माझंच अडतं.

आठ दिवस गेले. दशमी जवळ आली. मामा वापरणार. एवढा थोरला मामा! धर्मा उदमांजराकडं गेला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या एका शेजाऱ्याची तक्रार आहे. त्याचं काही वाहत नाही म्हणतो."

उदमांजरानं सुस्कारा टाकला. "लोकांना वापरताच येत नाही हो. त्या शेजाऱ्याला सांगा, घास बत्तीस वेळा चावायचा. पाठ ताठ ठेवून बसायचं. खटका श्रद्धेनं दाबायचा. आणि उंबरं कमी खायची."

"शेजारी अस्वल आहे, साहेब."

"मग त्याला म्हणावं, सशासारखा रहा."

धर्मा घरी आला आणि घास चावायला बसला. सकाळची न्याहारी उरकेपर्यंत दिवेलागण झाली. सुंद्राला वाटलं, ह्यांनाही आता पोरासारखं काहीतरी झालं.

ती गव्याच्या बायकोकडं गेली. "तुमचा बुटका कसा आहे, ताई?"

"छान आहे की! एका कळशीत साफ."

"दाराआड ही बादली कसली?"

"ती होय? पाहुण्यांना पाय धुवायला."

तिथून ती रानडुकरिणीकडं गेली. तिथंही बादली. "ही तुळशीला पाणी घालायला गं," डुकरीण म्हणाली.

सुंद्रानं अंगण पाहिलं. डुकरांनी सगळं उकरून ठेवलेलं. तुळस सोडा, गवताची काडी नव्हती. पण सुंद्रानं घरची वाट धरली. कुणी आपल्या बादलीबद्दल विचारू नये असं वाटत असेल, तर दुसऱ्याच्या तुळशीबद्दल बोलू नये.

आणि टेकडीवरचं तळं? ते पूर्वीच्या दुप्पट वेगानं उतरायला लागलं. उतरणारच की. आधी तीन कळश्यांत भागायचं. आता एक कळशी पाठ टेकल्याची, चार कळश्या खटक्याच्या आणि वर एक बादली.

वाघोबा महाराज चक्रावले. "टाक्या तिसऱ्या हिश्श्याच्या केल्या, मग पाणी जातं कुठं?"

उदमांजर म्हणालं, "महाराज, लोक चोरून बादल्या भरतात."

हे खरंच होतं. पण का भरतात, ते कुणी विचारलं नाही. महाराजांनी दुसरी दवंडी पिटवली. ज्याच्या संडासाजवळ बादली सापडेल, त्याचा संडास उपटून नेला जाईल. तपासणीचं काम उदमांजराकडं. कारण संडासातलं जंगलात त्यालाच कळत होतं.

दशमी उजाडली.

रंगोजी मामा आला, बरोबर हौसा. दोघं अंगणात पाय ठेवतात न ठेवतात तोच सुगंध दरवळला. उदमांजर! सशाला घेऊन आलं होतं. धबधब्याकडच्या वस्तीत अजून एकही बुटका खपला नव्हता. मामाला पटला तर सगळी वस्ती गिऱ्हाईक होणार होती.

"मी काही तपासायला आलो नाही हं," उदमांजर गोड हसून म्हणालं आणि ओसरीवर अशा जागी बसलं, की तिथून संडासाचं दार नीट दिसावं.

घरात केरबा आईच्या कानाशी लागला. "आई, मामांना जेवायला थोडंच वाढ ना."

"काय बोलतोस! उपाशी ठेवलेला मामा होकार देईल होय?"

"आणि पोटभर जेवलेला?"

सुंद्रानं पळी उचलली. अस्वलांच्या घरची पद्धत अशी, की पाहुण्यानं तीनदा 'पुरे' म्हटल्याशिवाय पळी थांबत नाही. मामा तिसऱ्यांदा 'पुरे' म्हणतच नव्हता. उंबराची भाजी झाली, मोहाच्या भाकरी झाल्या, वाळवीची चटणी, मधात मुरलेला फणस. मामा खात होता, आणि प्रत्येक घासाबरोबर धर्माचा चेहरा उतरत होता. समोर सून होऊ घातलेली मुलगी बसली होती. केरबा तिच्याकडं बघत होता आणि कितीतरी दिवसांनी जेवत होता. तोही बियांसकट.

मामानं ढेकर दिली, हात धुतले आणि उठला. "चला. आता रीत पुरी करू."

दार लागलं.

सगळे ओसरीवर बसले. कुणीच दाराकडं बघत नव्हतं. त्यामुळं सगळ्यांचं लक्ष तिकडंच आहे हे सगळ्यांना कळत होतं.

आतून सपकन आवाज आला आणि पाठोपाठ मामाचं "अरेच्चा!" धर्मानं डोळे मिटले. मामा मागं रेलला होता.

"यंदा मोह बरा आलाय," सुंद्रा म्हणाली.

"बराच की," हौसा म्हणाली.

खटका वाजला. उसासा आला. बराच वेळ गेला. पुन्हा खटका. पुन्हा थोडा वेळ. पुन्हा खटका.

"बघितलंत?" उदमांजर म्हणालं. "मामांना इतका आवडलाय, की बाहेर यायचं मन होत नाही."

सहाव्या खटक्यानंतर आतून काहीच आवाज येईना. उन्हं अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. शेवटी हौसा उठली आणि तिनं दारावर थाप मारली.

"मामा, काय चाललंय?"

"काही नाही पोरी. बसलोय."

"बसलायत, की अडकलायत?"

मग एवढ्या थोरल्या मामाचा एवढासा आवाज आला. "हौसे, माझं पोट बिघडलंय वाटतं. यांचा संडास चांगला आहे गं. माझंच जात नाही. कसा येऊ बाहेर? माझ्यामागं यांच्यातलं कुणी आत आलं तर?"

हौसा सुंद्राकडं वळली. "मावशी, एखादी बादली आहे का?"

सुंद्रानं ओसरीकडं पाहिलं. उदमांजराच्या मिशा ताठ झाल्या होत्या. बादली काढली तर संडास जाणार, आणि संडास गेला तर लग्न गेलं. बादली नाही काढली तर मामा लाजेनं काळवंडून घरी जाणार, आणि पुन्हा या दाराकडं बघणारही नाही. तरीही लग्न गेलं. तिनं केरबाकडं पाहिलं. पोराच्या ओठाला अजून मध लागलेला होता.

घरी आलेला पाहुणा आत कोंडून ठेवायचा, हे काही सुंद्राच्या मनाला पटेना.

ती सरपणामागं गेली आणि बादली काढून घेऊन आली. "ही घे, बाळ. रोज लागते. लाज वाटते म्हणून लपवली होती."

धर्मा बघतच राहिला. "म्हणजे तुझंही?"

"तुझंही म्हणजे?"

धर्मानं दाराआडून आपली बादली काढली. केरबा छपरावर चढला आणि तिसरी घेऊन उतरला. तिघं एकमेकांकडं बघू लागले.

"बत्तीस वेळा चावलं गं मी," धर्मा कळवळून म्हणाला. "दाढा दुखायला लागल्या."

दोन बादल्यांत मामा मोकळा झाला. बाहेर आला तेव्हा त्याची मान खाली होती. पण अंगणात तीन बादल्या ओळीनं उभ्या पाहून ती हळूहळू वर आली.

"जप्त!" उदमांजर ओरडलं. "एक सोडून तीन बादल्या!"

"थांबा जरा," हौसा म्हणाली आणि सशाकडं वळली. "ससेभाऊ, परीक्षेला तुम्ही बसला होता ना? तुमच्या घरी कुठला संडास आहे?"

ससा गोंधळला. "आमच्या घरी? आमच्या घरी नाही. आम्ही आपलं गवतात जातो. परीक्षेपुरतंच बसलो होतो."

मामा हसला. आधी हळू, मग असा की उंबराची पिकली फळं खाली पडली.

हौसानं संडासाभोवती एक चक्कर मारली. टाकीला हात लावून पाहिला. "मावशी, मी धबधब्याखाली वाढले. उन्हाळ्यात आमच्या धबधब्याची करंगळीएवढी धार होते, पण तिच्याखाली उभं राहिलं तर पाठ सोलून निघते. पाणी किती आहे हे बघायचं नसतं. कुठून पडतंय ते बघायचं. ही टाकी तुमच्या पाठीला टेकून बसलीय. तिच्यातलं पाणी घाबरतच बाहेर येणार."

तिनं टाकी सोडवली, खांद्यावर घेतली आणि सरसर उंबरावर चढली. वरच्या फांदीच्या बेचक्यात टाकी पक्की बांधली. टेकडीवरून येणारी वेळूची नळी तिच्यात सोडली. दुसरा एक जाड वेळू पोकळ करून टाकीपासून सरळ खाली भांड्यात उतरवला. खटक्याला वेल बांधली. टाकी तीच, एका कळशीची. थेंबभर जास्त नाही.

"आता कुणीतरी वापरून बघा," ती वरूनच म्हणाली.

"मी आता पुरता रिकामा आहे," मामा म्हणाला. धर्मा आणि सुंद्रानं केरबाकडं पाहिलं.

केरबाचा चेहरा काळा होता म्हणून लाल झालेला दिसला नाही. ज्या मुलीसाठी जेवण सोडलं, तिच्यासमोर असं जायचं? पण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला होता, तेही बियांसकट, आणि पोट काही लाजत नसतं. तो खाली मान घालून आत गेला.

बराच वेळ काही नाही. मग वेल ओढल्याचा आवाज आला. धाड! अख्खा उंबर हलला. एकदाच.

केरबा दारात आला. "गेलं," तो पुटपुटला.

"सगळं?" मामानं विचारलं.

"सगळं."

मामानं कनवटीची सुपारी काढली. तेवढ्यात उदमांजर म्हणालं, "फोडा खुशाल. झाडावर टाकी, शिवाय तीन बादल्या. मी आत्ता महाराजांना घेऊन येतो." आणि ते पळत सुटलं. ससा थोडा वेळ थांबला. मग तोही गेला. जाताना गवतात थांबून गेला.

मामानं सुपारी परत कनवटीला लावली. "जप्ती यायची असलेल्या घरात सुपारी फुटत नाही, पाव्हणं. आपण थांबू."

वाघोबा महाराज आले तेव्हा उन्हं कलली होती. डरकाळी फोडतच आले. "कोण तो, झाडावर टाकी बांधणारा?"

सुंद्रानं पाट मांडला. घरी आलेल्याला आधी वाढायचं, मग तो काय बोलतो ते ऐकायचं. महाराज नाही नाही म्हणाले, पण दोनदाच. मग जेवले. मग जरा अस्वस्थ झाले. इकडंतिकडं पाहिलं. राजवाडा लांब होता.

महाराज आत गेले. त्यांच्या मागोमाग आलेलं सगळं जंगल कुंपणाबाहेर माना उंचावून उभं. गवा, गव्याची बायको, डुकरीण, सगळे.

वेल ओढली. धाड!

महाराज बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर राजवाड्यातलंच समाधान होतं. त्यांनी वर पाहिलं. "ती टाकी एका कळशीचीच आहे?"

"एका कळशीचीच, महाराज," हौसा म्हणाली.

"आणि एकदाच ओढली मी. कुणी केलं हे?"

हौसानं तोंड उघडलं. पण उदमांजर तिच्याआधी पुढं आलं आणि वाकून म्हणालं, "महाराज, हा माझाच नवा नमुना. उंच बुटका. ह्या घरी गुपचूप परीक्षा घेत होतो. म्हणून तर आपल्याला घेऊन आलो."

महाराजांनी गळ्यातला हार काढून उदमांजराच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंद्राला ते बघवेना. ती पुढं होणार, तोच हौसानं तिचा पाय दाबला.

"मावशी, जाऊ द्या. हार त्याला, संडास आपल्याला. मला त्या हारात बसता येणार नाही."

सुंद्रानं वळून तिच्याकडं पाहिलं. 'आपल्याला' म्हणाली होती मुलगी. सुपारी फुटायच्या आधीच.

मग मामानं ती फोडलीच. एका घावात.

त्या हंगामात उदमांजरानं घरोघर उंच बुटके बसवले. ज्यांनी आधी बुटके घेतले होते, त्यांनाच पाठीमागच्या टाक्या सोडवायला आणि पुन्हा झाडावर चढवायला लावल्या. पण काही असो, तळं उतरायचं थांबलं. गव्याच्या बायकोची बादली पाहुण्यांच्या पाय धुण्याला गेली, आणि डुकरिणीनं तर खरंच तुळस लावली.

अस्वलांच्या घरी हौसा सून होऊन आली. केरबा पोटभर जेवू लागला. धर्मानं घास चावायचं सोडून दिलं. पुढच्या पावसाळ्यानंतर हौसाला जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी, दोघांच्या छातीवर चांदण्याची कोर. आता रोज सकाळी उंबराखाली तीन बादल्या भरून ठेवतात. एकीत नातू बसतो, एकीत नात बसते, आणि तिसरीतलं पाणी सुंद्रा दोघांच्या डोक्यावर ओतते. मोकळ्या अंगणात. काही लपवायला लागत नाही.

जसं अस्वलांच्या घरचं अडलेलं एका ओढीत वाहून गेलं, तसं तुमचं आमचंही वाहून जावो.

तात्पर्य : घरात नवी वस्तू आणताना ती सशाला चालली की नाही, एवढंच बघावं. आपल्याला नाहीच चालली तर पोटाला दोष द्यावा, वस्तूची तारीफ करावी आणि बादली दाराआड ठेवावी. कधीही खरं बोलू नये. खरं बोललं की संडास सुधारतो, तळं भरतं, मुलांची लग्नं होतात, आणि हार मात्र उदमांजराच्या गळ्यात पडतो.